‘आम्ही उपाशी राहून शिकलो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोरडवाहू: काल एकांनी लिहिलं, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाऊन शिकलो. आताच्या पोरांना शाळेत आयतं ताट देऊन लाडावलंय. मुलांना खाऊ घालणं हे आईबापाचं काम." वाचून डोकं फिरलं.

बहात्तरला आमची आई पाझर तलावाच्या कामावर होती. तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांना वाटायचं कोरडं खाणं, मिळायची. ती दोन घास खायची, बाकीची पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. वाटणी थोरली बहीण करायची. आधी आम्ही पोरं, मग ती. तिच्या वाट्याला पदरात राहिलेला चुरा. शाळाही आधी तिचीच सुटली. आईबाप दिवसभर खडी फोडत होते, आणखी कुठलं काम करायचं राहिलं होतं त्यांचं?

जुनाजाणता: ते मीच लिहिलं आणि आजही तेच म्हणेन. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती, तरी आम्ही हूं की चूं केलं नाही. आता खिचडी उकिरड्यावर पडलेली मी डोळ्यांनी बघतो. द्यायचंच तर धान्य घरी द्या, आई रांधेल.

कोरडवाहू: तेही करून झालंय. १९९५ला शाळेतल्या जेवणाची योजना आली तेव्हा कितीतरी राज्यांत महिन्याला ३ किलो धान्यच वाटायचे, तेही ८० टक्के हजेरी असेल तर. घरी गेलेलं धान्य सगळ्या घराचं होतं, पोराच्या पोटात किती जातं ते कोण बघणार? २८ नोव्हेंबर २००१ला सुप्रीम कोर्टानं शिजवलेलंच द्या म्हणून सांगितलं. शाळेतलं ताट पोराच्याच तोंडात जातं, मुलीच्यासुद्धा.

खडू-फळा: कोर्ट सांगून मोकळं. निस्तरतो आम्ही. तांदळाचा साठा लिहा, रोजची संख्या ॲपवर भरा, मुलांआधी चव घ्या, नोंदवहीत सही करा. तिसरीच्या पोराला वजाबाकी येत नाही, की लोक आम्हालाच बोलणार. खिचडीची वेगळी यंत्रणा उभारा, आम्हाला सोडा.

जुनाजाणता: बघा, गुरुजीच कंटाळलेत.

खडू-फळा: माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. जेवण बंद करा असं मी कुठे म्हटलं?

चूलवाली: मी शाळेत खिचडी शिजवते. गुरुजी, तुम्ही सही करता, धुरात मी बसते. तुमचा पगार महिन्याला होतो, माझं मानधन कधी येईल ते कुणी सांगत नाही. आणि काका, फेकलेलं दिसलं ते खरं. तांदळात सोंडे निघाले होते, निवडूनही वास गेला नाही. चांगलं असलं की पातेलं खरवडून नेतात. सोमवारी या बघायला. काही पोरं पहिली वाढ न चावता गिळतात, ताट पुढे करतात, बोलत नाहीत. रविवारी घरात काय शिजलं ते मला विचारावं लागत नाही. लॉकडाऊनला तांदूळ-डाळ घरी वाटली, तेव्हा मजुरी बंद होती. तो शिधा अख्ख्या घरानं खाल्ला. खाणारच ना?

जुनाजाणता: सोंडे असतील तर पोरांचा दोष नाही, एवढं मानतो. पण आईबापानं हात झटकू नयेत.

कोरडवाहू: झटकलेत कुणी? काम नसलं की आई आधी स्वतःचं ताट कमी करते, मग मुलीचं. २००४ला कोर्टानं दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलंय. मे महिन्यात मजुरी नसते, विहीर आटलेली असते, शाळेला कुलूप असतं. त्यावर बोला.

खडू-फळा: म्हणजे सुट्टीतही कुलूप उघडायला आम्हीच.

चूलवाली: किल्ली माझ्याकडे द्या. मानधन तेवढं बाराही महिन्यांचं करा.