मदत हवी आहे: छोट्या कनेक्टरचे क्रिम्पिंग टूल नाशिकमध्ये परवडेल अशा किमतीत कुठे मिळेल?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी नाशिकरोडला राहतो. नोकरी हिशेबाच्या कामाची आहे आणि गेली तीन वर्षे संध्याकाळी गॅलरीतल्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासतो आहे. या विषयाचे शिक्षण घेतलेले नाही, जे येते ते करून करूनच आलेले आहे. सध्या दिंडोरी तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेसाठी तापमान नोंदवणारी एक पेटी तयार करतो आहे, आणि तिचे काम अडले आहे ते सेन्सरची तार व बोर्ड यांच्यामधल्या तीन पिनांच्या कनेक्टरपाशी. त्याच्या धातूच्या पिना तारेवर दाबून बसवायचे, म्हणजे क्रिम्पिंगचे, टूल माझ्याकडे नाही.

पेटीत ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. त्याला डीएस१८बी२० जातीचे चार तापमान-सेन्सर जोडले आहेत, दोन मांडवावर वेलींच्या उंचीला आणि दोन मुळांशी मातीत. घरी टेबलावर आठवडाभर सगळे नीट चालले. बागेत लावल्यावर मात्र दुसऱ्याच रात्री नोंदींमध्ये उणे १२७ अंश आणि मध्येच ८५ अंश असे आकडे दिसू लागले. सेन्सरकडून उत्तरच आले नाही की तो वाचणारी सॉफ्टवेअर लायब्ररी उणे १२७ दाखवते. ८५ हा सेन्सरला वीज मिळताक्षणीचा आकडा असतो, म्हणजे त्याचा पुरवठा मध्येच तुटून पुन्हा जोडला गेला होता. रविवारी बागेत जाऊन एकेक तार हलवून पाहिली, तेव्हा एका हाउसिंगमधून, म्हणजे कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या कवचातून, तार अलगद माझ्या हातात आली आणि पिन आतच राहिली.

ती पिन मी भिंगाखाली पाहिली. अशा पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढच्या जोडीने उघड्या तांब्याला आत वळून घट्ट आवळायचे असते आणि मागच्या जोडीने प्लॅस्टिकचे आवरण धरायचे असते, म्हणजे तारेवर येणारा ताण आवरणावर राहतो, तांब्यापर्यंत पोहोचत नाही. मी नोज प्लायरने दाबलेल्या पिनेत पुढचे पंख चपटे होऊन एकमेकांवर चढले होते, तारेतल्या सात धाग्यांपैकी तीन बाहेर राहिले होते आणि मागचे पंख आवरणाला जेमतेम टेकलेले होते. त्यानंतर मी प्रत्येक पिनेला वरून डाग दिला, पण तोही उपाय टिकला नाही. वितळलेले कथील धाग्यांमधून वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि वाऱ्याने तार हलत राहिली की जिथे कथील संपते नेमकी तिथेच ती तुटते. माझी तार तशीच तुटली. म्हणून आता योग्य टूल घेऊनच हे काम पुन्हा करायचे ठरवले आहे, आणि त्यासाठी आपला सल्ला हवा आहे.

पहिला प्रश्न टूलचाच आहे. ऑनलाइन पाहिल्यावर एसएन-२८बी, एसएन-०१बीएम आणि एसएन-२५४९ ही रॅचेटची, म्हणजे पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी, टूल आवाक्यातली वाटतात. जपानच्या इंजिनिअर कंपनीच्या पीए-०९ ची बरीच स्तुती वाचली, पण त्याची किंमत माझ्या अंदाजपत्रकात बसत नाही. शिवाय त्याला रॅचेट नाही आणि पुढचे व मागचे पंख दोन वेळा वेगवेगळे दाबावे लागतात, त्यामुळे हात बसायला वेळ लागेल असे वाटते. माझी अडचण अशी आहे की एकाच क्रमांकाच्या टूलमध्ये जबड्याच्या घडणीत फरक असतो असे अनेक जण सांगतात, आणि ते हातात घेऊन एक पिन दाबून पाहिल्याशिवाय कळणार नाही. महात्मा गांधी रोड आणि वकीलवाडीच्या परिसरात चौकशी केली, तेव्हा सगळीकडे इलेक्ट्रिशियन वापरतात ती लग दाबायची मोठी क्रिम्पिंग प्लायरच दाखवण्यात आली. नाशिकमध्ये कुणाकडे यांपैकी एखादे टूल असल्यास मी माझ्या पिना व तार घेऊन येईन आणि आपल्यासमोरच चार-पाच पिना दाबून पाहीन. एवढ्या मदतीनेसुद्धा माझा निर्णय सोपा होईल.

दुसरा प्रश्न कनेक्टरच्या निवडीचा. एका दुकानात मी जेएसटी मागितले. घरी येऊन पाहतो तर ते पीएच मालिकेचे, म्हणजे २ मिलिमीटर अंतराचे निघाले, आणि मला हवे होते एक्सएच, ज्यात पिनांमधले अंतर २.५ मिलिमीटर असते. दोष माझाच होता, कारण जेएसटी हे कंपनीचे नाव आहे आणि मी मालिका सांगितलीच नव्हती. दुसऱ्या दुकानात रिलीमेट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या घडणीची हाउसिंग दाखवली गेली आणि एकाची पिन दुसऱ्यात अडकत नव्हती. रिलीमेटचे अंतर २.५४ मिलिमीटर असते आणि व्हेरोबोर्डच्या (भोके पाडलेल्या तयार बोर्डच्या) भोकांचेही तेवढेच. त्यामुळे तीन पिनांपर्यंत एक्सएचचे हेडर, म्हणजे बोर्डवर बसणारा कनेक्टरचा भाग, साध्या व्हेरोबोर्डवर सहज बसते, कारण फरक एकूण ०.०८ मिलिमीटरचाच पडतो, पण दहा पिनांना तो ०.३६ होतो आणि हेडर रेटून बसवावे लागते. नाशिकमध्ये सुटे मिळणारे रिलीमेटच कायमचे वापरावे, की एक्सएचची शंभराची पाकिटे एकदाच मागवून ठेवावीत? ज्यांनी दोन्ही वापरले आहेत त्यांनी बाहेर वाऱ्यात कोणते अधिक टिकले ते कृपया सांगावे.

तारेबद्दल एक खात्री करून घ्यायची आहे. आपल्याकडे दुकानदार ७/३६ म्हणून जी तार देतात, तिच्यात ३६ गेजचे सात धागे असतात. त्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.२ चौरस मिलिमीटर भरते, म्हणजे ती अमेरिकन मापाने साधारण २४ गेजची झाली. एक्सएचची नेहमीची पिन २८ ते २२ गेजसाठी असते, तेव्हा तांब्याच्या बाजूने ती बसायला हवी. माझी शंका आवरणाच्या जाडीची आहे, कारण स्वस्त तारेचे आवरण जाड असते आणि मागचे पंख त्याला पूर्ण वेढत नाहीत. पातळ आवरणाची ७/३६ तार नाशिकमध्ये कुठे मिळते?

पेटीच्या बाहेरच्या जोडणीचेही अजून ठरलेले नाही. बागेत बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी होते आणि ते पाणी सगळीकडे शिरते. सध्या पीजी-७ ग्लँडमधून (तारेभोवती आवळून पाणी अडवणाऱ्या बुचातून) तार आत घेऊन जोडणी पेटीतच करावी असा विचार आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रॉक्झिमिटी सेन्सरला असतात ते एम-१२ कनेक्टर पाण्याला दाद देत नाहीत, पण नवे महाग पडतात. वसाहतीत काम करणाऱ्या कुणाला ते वापरलेले पण चांगल्या स्थितीत कुठे मिळतात हे ठाऊक असल्यास जरूर कळवावे.

बाकीच्या हत्यारांची फारशी चिंता नाही. डाग द्यायला २५ वॅटची सोल्डरॉन, ६३/३७ ची कथील-शिशाची तार आणि वडिलांच्या वेळचा मोटवानेचा काट्याचा मल्टिमीटर आहे. तो मीटर आपल्या नाशिकरोडच्याच कंपनीचा असल्याने त्याच्यावर माझा विशेष जीव आहे, आणि सैल जोड शोधताना तार हलवली की काटा लगेच थरथरतो, ते साध्या डिजिटल मीटरवर इतके चटकन दिसत नाही. बोर्ड धरण्यासाठी एक छोटा शेगडा मात्र हवा आहे. तो जुना चालेल.

या सगळ्यासाठी मी ३,००० रुपये बाजूला काढले आहेत. येथे जमले नाही तर एका शनिवारी पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून तिथून ग्रँट रोडला, म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाईन, कारण रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. केवळ एका टूलसाठी सुटी आणि भाडे घालवणे योग्य ठरेल का, आणि तिथे ते दाबून पाहू देतात का, हे अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगावे. ऑक्टोबर छाटणीच्या आत पेटी बागेत पुन्हा लावायची आहे, कारण छाटणीनंतरच्या दमट दिवसांत डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने मामा पहाटे उठून बागेत फेरी मारतात आणि त्यांना या नोंदी तेव्हाच लागतात. मला पिना पंधरा-वीसच पुरतील, परंतु पाकीट शंभराचे येते, म्हणून नाशिकमध्ये आणखी कुणाला एक्सएचच्या पिना हव्या असतील तर मागवण्याआधी येथेच लिहावे. मागणी एकत्र करू आणि मूळ किमतीतच वाटून घेऊ.