मदत हवी आहे: बी.कॉम.च्या मुलांना बिझनेस इंग्लिश ऑनलाइन कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर बिझनेस कम्युनिकेशन शिकवते. वर्गात सत्तरेक मुलं. कुणाच्या घरची हापूसची कलमं, कुणाचा काजूचा कारखाना, कुणाचे वडील ट्रॉलरवर. पुढे यातली बरीच जण आंबा, काजू, मासळी, नाहीतर होमस्टेच्या बुकिंगचे मेल लिहिणार. विषय त्यांच्या कामाचाच आहे, तरी गाडी पुढे सरकत नाहीये.

मागच्या सत्रात एक मोफत ऑनलाइन कोर्स लावला. व्हिडिओ बघायचा, खाली बहुपर्यायी प्रश्न. गुण झकास पडले. मग वर्गात कागद दिला: दुबईच्या गिऱ्हाइकाने हापूसचा भाव विचारलाय, कोटेशन पाठवा. बऱ्याच जणांनी भावच लिहिला नाही! पेटीत किती डझन, भाडं कोणाकडे, पैसे कधी, कशाचाच पत्ता नाही. नुसतं 'विथ ड्यू रिस्पेक्ट'. घरी लिहायला दिलं तर झाडून सगळ्यांचं 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल'. एआयची कृपा.

लाइव्ह तास घेणं शक्य नाही. पावसात लाईट गेली की पाठोपाठ रेंज जाते, मुलं सड्यावर (वरच्या उघड्या माळावर) जाऊन व्हिडिओ उतरवून आणतात. काही घरांत फोन एकच.

तर, लिहून घेणारा आणि रेंज नसतानाही चालणारा प्लॅटफॉर्म कोणता? आणि सत्तर मेल मी एकटी तपासू कशी? प्राचार्य म्हणतात, 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स लावा, क्रेडिट देऊन मोकळ्या व्हा. तसं करावं का?

सडेफटिंग:
मॅडम, सगळीकडे ह्याच आसा. मूडल बघा. सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हर मात्र लागतो. त्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे उतरवून ठेवता येतात, असाइनमेंटचं उत्तर रेंज नसताना लिहून ठेवलं तर नंतर सिंक होतं. चाचणीचंही तसंच, फक्त तुम्हाला सेटिंग चालू करावं लागेल आणि वेळेची मर्यादा घालायची नाही.

तपासणीसाठी त्यातलंच 'वर्कशॉप' वापरा. प्रत्येकाकडे दोन-तीन जणांचे मेल तपासायला जातात, निकष तुम्ही ठरवायचे, आणि नीट तपासल्याचेही गुण मिळतात. निकषांत व्याकरण घालू नका, त्यावरून पोरं नुसती भांडतात. भाव कुठल्या चलनात, एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) की सीआयएफ (जहाजाचं भाडं आणि विमा धरून भाव), कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत लागू, एवढंच विचारा. हे कुणालाही तपासता येतं.

करवंदीची जाळी:
प्राचार्यांचं अगदीच चूक नाही. यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून करता येतात. पण तिथला एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरे संस्थांचा) कोर्स घेतलात तर साधारण २५ गुण असाइनमेंटचे, ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे, आणि त्या परीक्षेला फी. एवढं करून मेल लिहायची सवय लागेलच असं नाही. जोडीला ठेवा, त्यावर भिस्त नको.

व्याकरणासाठी केंब्रिजचं 'राइट अँड इम्प्रूव्ह' मोफत आहे. मजकूर टाकला की चुका दाखवतं आणि ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सर्वात वरची) यांतली भाषेची पातळीही सांगतं. त्याला रेंज लागते, तेव्हा ते कॉलेजच्या लॅबमध्ये करून घ्या.

खाडीपलीकडचा:
एआयचं म्हणाल तर सुटे मेल देऊच नका. २०१४मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपियन महासंघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, पुढच्या वर्षी उठवली. हाच प्रसंग द्या. निम्मी मुलं निर्यातदार, निम्मी तिकडचे व्यापारी. मागच्या मेलला समोरच्या मुलाने जे लिहिलं त्यालाच उत्तर द्यायचं, आणि अधूनमधून तुम्ही खोडा घालायचा: माल मुंबईत अडकला, गिऱ्हाईक आगाऊ रक्कम परत मागतंय. एआय वापरलं तरी आधीचा सगळा व्यवहार त्याला समजावून सांगावा लागतो, आणि तेवढा समजावता आला तर निम्मं काम झालंच की.

धागाकर्ती:
वर्कशॉपचं एकदम पटलं. कॉम्प्युटरच्या सरांना मूडल बसवून द्यायला सांगते. स्वयं ऐच्छिक ठेवेन. एक शंका: दोन भावंडं एकाच वर्गात आहेत आणि फोन एक. चालेल?

सडेफटिंग:
चालेल. अ‍ॅपमध्ये एकाहून जास्त खाती ठेवता येतात. फक्त लॉगआउट करण्याआधी सिंक झालंय ना, ते बघायला सांगा.