मुलाचा हिपहॉप अल्बम नीट ऐकायचाय, सुरुवात कुठून करू? (ग्वाल्हेर)

सरगम_लष्कर
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लष्कर भागात राहतो, तीन पिढ्या इथेच झाल्या. मुलगा बावीस वर्षांचा, गेलं दीड वर्ष मागच्या खोलीत बसून एक अल्बम करतोय. शब्द त्याचे, म्हणतो तोच, आणि मागचं सगळं संगीत पण त्यानेच लॅपटॉपवर केलेलं, अर्धं हिंदी अर्धं मराठी. मे महिन्यात पंखा बंद करून, कपाटाच्या दारांवर दोन रजया टाकून त्यांच्या मध्ये उभा राहून रेकॉर्ड करायचा, बाहेर आला की शर्ट पिळून घ्यावा असा. परवा नऊ गाणी फोनवर पाठवली न म्हणाला आई आधी तू ऐक, मग बाहेर टाकतो.

मी लग्नाआधी माधव संगीत महाविद्यालयात ख्याल शिकलेय, सम-मात्रा कळतात, पण हिपहॉपचं मला काहीच कळत नाही, आणि "छान झालंय हं" म्हणून मोकळं व्हायचं नाहीये मला. चौथ्या गाण्यात तर माझाच आवाज ऐकू आला! माझ्या रियाजाची १९९६ची कॅसेट, भीमपलासीच्या बंदिशीच्या दोन ओळी, इतकी पट्टी चढवलीये की आठ वर्षांची मुलगी गातेय असं वाटतं. मी हातातली भाजी तशीच ठेवून जिन्यात जाऊन बसले. हे चांगलं की वाईट ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. तर एकाच माणसाने रॅपही केलंय न संगीतही, असे कुठले अल्बम ऐकू, आणि ऐकताना कान कुठे ठेवू?

बीटवाला_इंदूर
काकू, तुमच्या चौथ्या गाण्यासाठी एकच नाव, कान्ये वेस्टचा 'द कॉलेज ड्रॉपआउट', २००४. तोपर्यंत तो दुसऱ्यांना बीट, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, बनवून देणारा म्हणूनच माहीत होता, जे-झी या रॅपरच्या २००१च्या 'द ब्लूप्रिंट'मध्ये त्याचं काम आहे, पण तो स्वतः रॅप करेल हे कंपनीतल्या लोकांना पटत नव्हतं. ऑक्टोबर २००२ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, जबडा मोडला, तारांनी बांधून ठेवलेला, आणि तशाच बांधलेल्या जबड्याने त्याने 'थ्रू द वायर' रेकॉर्ड केलं. मागे चाका खान या गायिकेचं गाणं आहे, आवाज असाच वर चढवलेला. रेकॉर्ड जोरात फिरवली की लय न पट्टी दोन्ही वाढतात, हे तिथूनच आलंय, आता लॅपटॉपवर दोन्ही वेगवेगळं पण करता येतं. म्हणजे तुमच्या मुलाने कॅसेट बिघडवलेली नाही, ही एक जुनी रीत आहे आणि त्याने ती घरच्या आवाजावर केली. मला तर वाचूनच काटा आला. (शिव्या आहेत, हेडफोन लावा. आणि हा माणूस नंतर जे काही बोलला त्याचं मी समर्थन करत नाही, अल्बमपुरतं सांगतोय.)

बडोद्याचा_दादा
ताई, मी वेगळं सांगेन, आधी शब्दच नकोत. जे डिलाचं 'डोनट्स' ऐका. डेट्रॉइटचा माणूस, रॅप पण करायचा, पण यात ३१ तुकडे न जवळजवळ सगळे दीड मिनिटाच्या आतबाहेर. ७ फेब्रुवारी २००६ला, त्याच्या ३२व्या वाढदिवशी आला न तीन दिवसांनी तो गेला. त्याचं एमपीसी, म्हणजे बटणं दाबून बीट बनवायचं मशीन, आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवलंय. मशीन ठोका बरोबर मात्रेवर ओढून बसवायला तयार असतं, डिला खूपदा ती सोय बंद ठेवून हाताने वाजवायचा, त्यामुळे ठोका केसभर मागे किंवा पुढे पडतो. मुरलेला तबलजी ठेका सोडतो न गाणाऱ्याला टेकायला जागा होते ना, तसंच. तुमचे कान तयार आहेत ताई, नावं तेवढी नवीन.

सरगम_लष्कर
अगंबाई. त्याच्या दुसऱ्या गाण्यात टाळीचा आवाज उशिरा येतो, मी तर वहीत "इथे चुकलाय" लिहून ठेवलं होतं. खोडलं. दोन्ही ऐकते.

जनकगंजी
काकू मी पण ग्वाल्हेरचाच, महाराज बाड्यापासून दहा मिनिटांवर. अमेरिकेचं ऐका, पण मुलगा ज्या भाषेत बोलतोय तिकडचं आधी ऐका. पुण्याच्या एमसी स्टॅनचा २०२०चा 'तडीपार' घ्या, शिव्या भरपूर आहेत हे आधीच सांगतो, पण वस्तीतली बोली जशीच्या तशी तालात कशी बसते ते तिथे कळतं.

आणि कान कुठे ठेवायचा ते. रॅपचा एक अंतरा बहुतेक सोळा बारचा असतो, म्हणजे चौसष्ट ठोके, म्हणजे तुमच्या तीनतालाची चार आवर्तनं. हातावर टाळी धरा न अक्षरं कुठे पडतात बघा, ग्वाल्हेर घराण्यात बोलबांट करतात, म्हणजे बंदिशीचे शब्द लयीत वाटून म्हणतात, त्याच्याशी याचं नातं तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर दिसेल. दुसरं म्हणजे, जो स्वतःच गातो न स्वतःच वाजवतो त्याची एक खोड असते, मी पण दोन वर्ष हेच केलं, बीटवर पण जीव न शब्दांवर पण जीव, मग कशालाच कमी करवत नाही. दुसऱ्याने बनवलेला बीट असला की भांडून एखादं वाद्य काढायला लावतो आपण, इथे भांडायला कोणी नसतं. ते तुम्ही करा. जिथे शब्द दाट आहेत तिथे मागे काय काय वाजतंय ते मोजा. आणि एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर ऐका, खालचा बेस तिथे गायब होतो, मग गाण्यात काय उरतं ते दिसतं.

बीटवाला_इंदूर
कॅसेट घरची आहे, बंदिश पारंपरिक असेल तर प्रश्न नाही, पण पेटी-तबल्यावर कोण होतं त्यांना विचारून घ्या. जुन्या सिनेमाचं काही उचललं असेल तर मात्र जपून. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा कॉपीराइट ते बाजारात आल्यापासून ६० वर्ष असतो, न गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्ष.

सरगम_लष्कर
आठ दिवसांनी लिहितेय, माफ करा. सगळं ऐकलं, डोनट्स तीनदा. मग मुलाला बसवलं न वही काढली. तिसऱ्या गाण्यात तू आजोबांबद्दल बोलतोस तिथे सतार, घंटी न अजून एक पियानोसारखं काहीतरी एकदम वाजतंय, मला शब्दच कळत नाहीत, असं सांगितलं. आधी गप्प बसला, मग सतार न पियानो काढून ऐकवलं. पहिल्यांदा मला ती ओळ पूर्ण कळली, त्याला पण.

तबल्यावर आमच्या शेजारचे काका होते, त्यांना फोन केला, ते खूश.

चौथ्या गाण्याचं तेवढं माझ्या मनाप्रमाणे करून घेतलं. मूळ कॅसेटवर दुसऱ्या ओळीनंतर माझ्या वडिलांचा "वा" आहे, मुलाने खोलीतला आवाज समजून तो कापला होता. मी म्हटलं परत टाक. टाकलाय, आठव्या मात्रेवर येतो, आणि पट्टी चढल्यामुळे आता बाबांचा आवाज पण लहान मुलाचा वाटतो.