शब्दचर्चा : मंडळीचे ‘नूतनीकरण’, ‘पुनरुज्जीवन’ की ‘उज्जीवन’?

नगरची वाचक :
सर्वांना सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वाचनालयातली कपाटे लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. एका कपाटात मंडळीला नवी उभारी देणारी पुस्तके एकत्र केली आहेत. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनची हकिगत, रेव्ह. ना. वा. टिळकांचे ‘अभंगांजली’ आणि ‘ख्रिस्तायन’, ‘ज्ञानोदय’चे बांधून घेतलेले अंक आणि तरुणांच्या अभ्यासगटासाठी काही पुस्तिका त्यात आहेत. समितीच्या सांगण्यावरून पाटी रंगवली, ‘चर्च नूतनीकरण’. रविवारी उपासनेनंतर एका आजोबांनी ती वाचून विचारले, “बाई, छपराचं काम काढलंय का? वर्गणी किती धरलीय?” मी पाटी उतरवली. दुसरे कपाट मंडळीबाहेरच्या लोकांपर्यंत कसे जावे या विषयाचे आहे, त्याची पाटी कोरीच आहे. शब्द सुचवा, आणि तोच का हेही सांगा.

वसईचा :
आजोबांनी बरोबरच वाचले. नूतनीकरण परवान्याचे होते, विम्याचे होते, बसस्थानकाचे होते. इमारत जुनी असेल तर ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहेच. शिवाय बोलताना आपण ‘चर्च’ म्हणतो ते बहुतेक इमारतीलाच. माणसांसाठी आम्हा कॅथलिकांकडे ‘ख्रिस्तसभा’ आहे, तुमच्याकडे ‘मंडळी’. आधी तो शब्द बदला, मग पुढचा.

जुनी पोथी :
वसईकरांच्या मुद्द्याला जोडून. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा अर्थ बोलावून एकत्र केलेले लोक. पुढे हा शब्द कुठे कुठे गेला पाहा. हिंदी-उर्दूत ‘कलीसिया’ झाला, पोर्तुगिजांकडून कोकणीत ‘इगर्ज’ झाला. इंग्रजीतला ‘चर्च’ मात्र वेगळ्या ग्रीक शब्दापासून आला, ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या. मराठीने यातला कोणताच शब्द न घेता घरातलाच उचलला. मंडळी म्हणजे कोंडाळे करून बसलेली माणसे. भजनी मंडळी, किर्लोस्कर नाटक मंडळी, घरची मंडळी, आणि कुणी ओट्यावरून हाक मारतो तेव्हाचे “काय मंडळी!” भिंत, छप्पर, घंटा यांतले काहीही या शब्दात नाही. मला हे भाषांतर फार मोलाचे वाटते. मूळ शब्दाचा अर्थ त्यात जितका जिवंत राहिला, तितका ‘इगर्ज’ किंवा ‘कलीसिया’ ऐकताना जाणवत नाही.

आता दुसरा शब्द. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात मनाचे ‘नवीकरण’ आहे. तिथे तो शब्द शोभतो, कारण तिथे एकेका माणसाच्या मनाची गोष्ट चालली आहे. अख्ख्या मंडळीसाठी तो मला कोरडा वाटतो. ‘जागृती’ म्हटले की जनजागृती फेरी आठवते. ‘संजीवन’ सुंदर आहे, पण मराठी कानाला त्याच्यापुढे लगेच ‘समाधी’ ऐकू येते, आळंदी डोळ्यांपुढे येते. ‘पुनरुज्जीवन’ आपण बंद गिरणीला आणि आटलेल्या नदीला वापरतो. म्हणजे एकदा संपले होते, ते परत सुरू केले. मंडळी संपलेली नसते, निखाऱ्यावर राख धरलेली असते. ‘उज्जीवन’ म्हणा. ‘उत्’ म्हणजे वर. जीव वर येणे, तरारणे. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी उज्जीवन सभा होत्याच.

नगरची वाचक :
जुनी पोथी, मनापासून आभार. पण आजची मुले ‘उज्जीवन’ वाचून अडखळतील असे समितीतल्या ताईंचे म्हणणे आहे.

जुनी पोथी :
अडखळू द्या, विचारतील. तेव्हा मुक्तीची हकिगत सांगा. १९०४ मध्ये वेल्समध्ये उज्जीवन झाले, म्हणजे तिथल्या मंडळ्यांत श्रद्धेची नवी लाट उठली, त्याची बातमी रमाबाईंपर्यंत पोचली. १९०५च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी बायका-मुलींना बोलावले. सुरुवातीला ७०च्या आसपास जणी होत्या, जूनपर्यंत हा आकडा ५५०वर गेला. जूनअखेर उज्जीवन झाले. आपल्या चर्चेसाठी महत्त्वाचे ते पुढचे. त्याच मुली गट करून आसपासच्या गावांत सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगायला जाऊ लागल्या. आत जीव आला आणि पाय बाहेर पडले. तुमची दोन कपाटे शेजारी-शेजारीच ठेवा, ताई.

आणखी एक. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केले ते साध्या बायकांना वाचता यावे म्हणून. मुक्तीच्या छापखान्यात ते बायकांनीच जुळवले आणि छापले. १९२२ मध्ये बाई गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. साधा शब्द त्यांना प्रिय होता हे खरे, पण माणूस शिकू शकतो यावरही त्यांचा विश्वास होता.

वसईचा :
दुसऱ्या कपाटासाठी ‘प्रचार’ नको, निवडणूक वाटते. ‘प्रसार’ त्याच्या सख्ख्या भावासारखा. आम्ही ‘प्रेषितकार्य’ म्हणतो, पण तुमच्याकडे ते रुळलेले नाही. ‘साक्ष’ आतल्यांना कळते, बाहेरच्याला कोर्ट आठवते. ‘सुवार्ता’ मात्र दोन्हीकडे चालते. आमच्या वसईच्या मासिकाचे नावच ते, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी अनेक वर्षे त्याचे संपादन केले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) तुमच्या कपाटात नसेल तर जरूर आणा. ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचा मराठी वाचक डोळ्यांपुढे ठेवून केलेले काम आहे ते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सुवार्तेच्या आनंदावर लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की रस्त्यावर उतरल्यामुळे जखमी झालेली, मळलेली ख्रिस्तसभा त्यांना जास्त आवडते, दारे लावून बसलेली नाही. मला तिथे ‘रस्त्यावर’ हाच शब्द धरून ठेवावासा वाटतो.

पाळकाची सून :
माझे सासरे तीस वर्षे खेड्यांतून पाळक, म्हणजे पाद्री, होते. त्यांच्या रोजनिशीत यातला एकही मोठा शब्द नाही. तिथे रोज एकच नोंद असते : ‘घरभेटी’, आणि पुढे वाड्यांची नावे. कुणाची म्हैस गेली, कुणाकडे ताप आहे, कुठे भाकरी खाल्ली, कुठे प्रार्थना केली. ख्रिस्ती-अख्रिस्ती असा वेगळा रकाना त्यात नाही. तिथूनच पुष्कळ माणसे आमच्या उपासनेला आली.

टिळकांनीही १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या येशूभक्तांना एकत्र आणायचे ठरवले, तेव्हा नाव निवडले ‘देवाचा दरबार’. दरबारात कुणीही गाऱ्हाणे घेऊन येतो, हे गावातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दोन वर्षांत टिळक गेले आणि ते काम तिथेच थांबले, याचे मला आजही वाईट वाटते. तो शब्द पुन्हा कुणी हाती घ्यावा.

नगरची वाचक :
पाटीवाल्याला आज निरोप दिला. पहिल्या कपाटावर ‘मंडळीचे उज्जीवन’, दुसऱ्यावर ‘घरभेटी आणि सुवार्ता’. मुक्तीच्या हकिगतीची एकच प्रत आहे, ती आता दुसऱ्या कपाटात हलवली आहे. पाळकाची सूनबाई, सासऱ्यांच्या रोजनिशीतली काही पाने छायाप्रत करून पाठवाल का? तिलाही तिथेच जागा ठेवते.