प्रति: गिटारच्या अ‍ॅम्पसमोर माईक कुठे ठेवायचा?

तुम्ही म्हणताय कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माईक) घेऊनही गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) कर्कश येतंय, पण मला वाटतं घोळ माईकचा नाही, जागेचा आहे. स्पीकरच्या मधोमध रोखला की चरचरीतपणाच येणार, म्हणून स्पीकरची मधली गोल टोपी संपते तिथे, जाळीपासून दोन बोटं लांब ठेवा आणि थोडा थोडा कडेला सरकवत ऐका, आवाज गोलसर होत जातो. अगदी चिकटवलात तर बेस फुगतो हां. मी रत्नागिरीत पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड करतो, जुलैत पाऊस असा बडवतो की कंडेन्सर गिटारच्या आधी पाऊसच पकडतो, वर दमट हवेत खरखरतो तो ताप वेगळाच. म्हणून आपला साधा एसएम ५७ (शूर कंपनीचा डायनॅमिक माईक, कंडेन्सर नव्हे), १९६५ पासूनचा गडी. आणि हो, जाळीच्या कापडावर टॉर्च मारा, त्याशिवाय टोपी दिसत नाही.