डॅशहंडचे मागचे पाय लटपटतायत, मणक्यातली गादी सरकली असेल का?

ओटीवरून: गुहागर. डॅशहंड, नर, ५ वर्षं, ९ किलो. कालपासून उचललं की केकाटतो, चिऱ्याच्या पायऱ्या चढत नाही. आज मागचे पाय लटपटतायत, पंजा उलटा पडतो. डॉक्टरांनी दुखण्यावर मेलोक्सिकॅम दिलंय. एक्स-रेत काही नाही. शेजारी म्हणतात मण्यार चावली असेल, कोणी म्हणतं खोबरेल चोळा नि फिरवत राहा. काय करू?

खाडीपलीकडे: मण्यारीच्या विषात सहसा पुढचे पायही लुळे पडतात, पापण्या जड होतात, श्वास मंदावतो. तसं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना. नुसते मागचे पाय आणि ताठ, दुखरी पाठ म्हटलं की आधी गादीच डोळ्यापुढे येते. या जातीत गादीचा गाभा लहान वयातच सुकून कडक होतो, मग वरचं कवच फाटून तो मज्जारज्जूवर येतो. एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे ‘काही नाही’ला फारसा अर्थ नाही.

फिरवणं आणि चोळणं आजच बंद. पिंजरा साधारण तीन बाय दोन फूट, उभा राहून वळता येईल एवढाच. किमान चार आठवडे. शी-शूला पट्टा लावून, पोटाखाली टॉवेलची झोळी धरून न्या. गळपट्टा नको, हार्नेस घ्या. आठवड्याभरात औषधाने दुखणं कमी होतं, कुत्रा उड्या मारू लागतो, घरचे दार उघडतात आणि न भरलेल्या कवचातून उरलेला गाभा बाहेर येतो. बऱ्याच केसेस इथेच बिघडतात.

पशुवैद्य, रत्नागिरी: मेलोक्सिकॅमसोबत स्टिरॉइड अजिबात नको, आतड्याला जखमा होतात. शी काळी झाली, उलटी झाली तर औषध थांबवून कळवा. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका.

दर काही तासांनी चाल बघा. पाय पूर्ण गेले तर बोटाचं हाड चिमट्याने दाबून बघायला लागतं. पाय मागे ओढला म्हणजे दुखण्याची जाणीव आहे असं नाही, तो रिफ्लेक्स असतो. त्याने वळून बघितलं किंवा ओरडला तरच जाणीव. जाणीव असेपर्यंत शस्त्रक्रियेने बहुतेक कुत्रे चालतात, गेल्यावर साधारण निम्मेच. तुमच्याकडून मुंबई-पुण्याला जायला बराच वेळ लागतो, तेव्हा पाय जाईपर्यंत वाट बघू नका. एमआरआय आणि सर्जनची चौकशी आजच फोनवर करून ठेवा. नेताना फळीवर सपाट बांधा.

ओटीवरून: शू थेंब थेंब होतेय.

पशुवैद्य, रत्नागिरी: हे वाईट लक्षण. मूत्राशय भरून ओघळत असावं. आजच डॉक्टरांकडे रिकामं करून घ्या आणि हाताने कसं करायचं ते शिकून या: मागच्या मांड्यांपुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे ठेवून हळू, सलग दाब, दिवसातून तीन-चार वेळा. कडक लागलं तर जोर लावू नका. पावसात अंथरूण सुकत नाही, ओल्या कातडीवर माशा बसून किडे पडतात. जागा धुऊन कोरडी पुसा, गोधडीऐवजी जुने टॉवेल घाला, रोज बदलता येतात.