गरोदरपणाचा सातवा महिना, तपासणीचं कार्ड गावाकडे राहिलं. नागपुरात नोंदणी होईल का?

साईटवरची एक बाई छिंदवाड्याहून कामाला आलीय. तिकडे एकदाच तपासणी झाली, कार्ड घरीच राहिलं. हिमोग्लोबिन 8.2. इथे कुठे न्यावं?

गांधीबागवाला:
होते. भागातल्या आशाताईंना गाठा, नाहीतर थेट मनपाच्या आरोग्य केंद्रात न्या. कार्ड नसलं तरी तपासणी नाकारता येत नाही. गावच्या आशाला फोन करून कार्डाचा फोटो मागवा. त्यावरच्या आरसीएच नंबरवर (गरोदर बाईचा सरकारी नोंदणी क्रमांक) जुनी नोंद सापडते, नव्याने दुसरी नोंदणी करावी लागत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. बाळंतपणासाठी डागा, मेयो किंवा मेडिकल, तिन्ही इथले सरकारी दवाखाने.

नर्सताई:
8.2 म्हणजे लोहाची गोळी रोज एक नव्हे, दोन. पण डॉक्टरांना दाखवूनच. बहुतेक बाया ती चहासोबत घेतात, तिथेच घोळ होतो: चहाने लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौच काळी होते, घाबरून गोळ्या बंद करू नका. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. वाढ नसेल तर शिरेतून लोह द्यावं लागतं, 7 च्या खाली गेलं तर दवाखान्यात भरती.

गांधीबागवाला:
आणि 102 हा रुग्णवाहिकेचा नंबर तिच्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये आजच टाका. सरकारी दवाखान्यात सिझेरियन, औषधं, रक्त, घरी सोडणारी गाडी, सगळं मोफत. पहिलं मूल असेल तर मातृवंदना योजनेचे 5000 रुपये मिळतात, पण खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात.